कात्रजची घोणस

आई, परवाच्या रविवारी आम्ही कात्रजला साप बघायला गेलो होतो. तुझ्या नातीला शाळेने सरपटणाऱ्या प्राण्यांवर प्रोजेक्ट दिलाय. बाबा म्हणाले, मीबी येतो. ते आता आमच्याकडेच असतात, खराडीतच, पण आठव्या मजल्यावर. तू असताना जिथे ज्वारी होती तिथे आता कंपनीच्या गाड्या लागतात. बाबा गॅलरीतून ती जागा बोटाने दाखवतात. मला ओळखू येत नाही.

आधी मगरी पाहिल्या, त्या हलल्याच नाहीत. बेडकांच्या काचेत तर कुणालाच काही दिसेना. "आत बेडूक आहे का नक्की?" असं ह्यांनी विचारल्यावर तिथला माणूस म्हणाला, "आहे. पण तो तुम्हाला बघायला आलेला नाही." लेक बराच वेळ हसत होती. त्याच्या पुढच्या काचेत घोणस होती.

तुला घोणस चावली हे मला लहानपणापासून माहीत आहे, पण मी ती कधी पाहिली नव्हती. त्या दिवशी तू मला चुलीपाशी दुधावर लक्ष ठेवायला बसवलंस, उतू गेलं तर कोरडी भाकरी खायची असं बजावलंस आणि गोठ्यामागे कडबा काढायला गेलीस. मग तू आत येतेस. मनगटाला पदर गुंडाळलेला. आधी दूध उतरवतेस आणि नेहमीच्याच आवाजात म्हणतेस, "बाबांना हाक मार, मला कायतरी चावलंय." दवाखान्यातून तू परत आली नाहीस. पुढे कितीतरी दिवस मी उंबऱ्याबाहेर पाय टाकत नव्हते. शाळा बुडाली. शेवटी एका सकाळी बाबा काठी घेऊन दारात आले. म्हणाले, "मारला त्याला. पुरलाबी. जा आता." आणि मी गेले.

परवा घोणस काचेला लागूनच पडली होती. लेकीने विचारलं, "आजोबा, आजीला चावली ती अशीच होती? तुम्ही मारलीत ना ती?"

बाबा काचेकडेच बघत होते. "न्हाई मारली. लई हुडकली, घावलीच न्हाई. तुझी आई घराभाईर पडंना, म्हणून तसं सांगितलं."

मी म्हटलं, "पण बाबा, कडबा तर रोज तुम्हीच काढायचात."

"मग? जनावरं उपाशी ठेवायची व्हय?"

एवढंच बोलले आणि चहा कुठे मिळेल म्हणून विचारलं. मला त्यांनी कडब्याला कधीच हात लावू दिला नाही. पोर लहान आहे म्हणून असेल, असं मी धरून चालले होते. मी अंगणात बिनघोर खेळत होते, त्या सगळ्या वर्षांत ते एकटेच रोज कडब्याच्या त्याच गंजीत हात घालत होते. हे मला बेडकांच्या शेजारी उभं राहून, चाळिशी उलटल्यावर कळलं. चहा घेताना मी त्यांच्याशेजारी बसले.

हे तुला कुठे पाठवायचं, माहीत नाही. पण एक गोष्ट घरात कुणाजवळ बोलता येण्यासारखी नाही. बाबा सांगत होते तेव्हा मी काचेतून तिच्याकडेच बघत होते. पाठीवर तपकिरी गोल, त्यांना काळी किनार, एकाला एक लागून शेपटीपर्यंत गेलेले. आई, मला ती सुंदर वाटली.