एकोणीस नंबरचे हात

२१ जुलै, सोमवार
काल सासरेबुवांकडे जेवण. बटाट्याचं सॅलड, ब्रॅटवर्स्ट सॉसेज चार (लोरेट्टाच्या मते सहा). जेवण झाल्यावर सासरेबुवांनी काटा खाली ठेवला आणि जाहीर केलं की गुडघे संपले, यंदापासून स्टेडियमच्या पायऱ्या बंद. म्हणजे लॉगर्सची, आमच्या गावच्या अमेरिकन फुटबॉल संघाची, दोन सीझन तिकिटं मोकळी. चाळीस यार्डांची रेषा, म्हणजे जवळजवळ मैदानाच्या मधोमध, बाविसावी रांग.

या गावात माणसं घर, बोट, शिकारीची झोपडी सगळं हसत मुलांच्या नावावर करतात. तिकिटांचा विषय निघाला की त्यांना कमी ऐकू येतं. मी आणि लोरेट्टाने लग्नाच्या वर्षी प्रतीक्षा यादीत नाव घातलं होतं. आज आमचा नंबर एकसष्ट हजार दोनशे चार. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली.

तिकिटं मला, की लोरेट्टाच्या भावाला, रॉलीला? सासरेबुवा म्हणाले, ज्याला खेळ कळतो त्याला. लॉगर्सच्या सराव शिबिरात बारा रिसीव्हर आहेत. क्वार्टरबॅकने फेकलेला चेंडू धावत जाऊन झेलायचा, हे त्यांचं काम. २६ ऑगस्टला संघ सहा जणांना ठेवणार, सहा जणांना घरी पाठवणार. राहणारी सहा नावं आम्ही दोघांनी लिहून द्यायची. ज्याची जास्त बरोबर, त्याला दोन्ही तिकिटं. हरेल त्याने सीझनभर सासरेबुवांच्या हिरवळीवर नारिंगी झेंडा घेऊन सामन्याला येणाऱ्यांच्या गाड्या लावायच्या. त्यांचं घर स्टेडियमपासून दोन गल्ल्यांवर आहे, आणि हे काम त्यांनी स्वतः एकदाही केलेलं नाही.

मला रॉलीची कीव आली. तो फुटबॉल बघतो. मी फुटबॉल समजतो.

संकल्प: २६ ऑगस्टपर्यंत ब्रॅटवर्स्ट बंद. डोकं रिकाम्या पोटी तल्लख चालतं.

२४ जुलै, गुरुवार
सरावाचा पहिला दिवस. फाटकावर नव्वद खेळाडूंची यादी वाटत होते. मी त्यातला रिसीव्हरांचा तुकडा फाडून खिशात घातला आणि बाकीचा कागद कचऱ्याच्या पिंपात टाकला. उरलेल्या अठ्ठ्याहत्तर जणांशी मला काय करायचंय?

रॉली घडीची खुर्ची, वही, दुर्बीण, गळ्यात दोरी बांधलेली टोपी अशा थाटात अगदी कुंपणाशी. जणू पक्षी मोजायला आला होता. मी मुद्दाम लांब, मेपलच्या सावलीत उभा राहिलो. दुर्बिणीतून माणूस दिसतो, खेळ दिसत नाही. (डोळ्यांच्या डॉक्टरने मार्चमध्ये लांबचा चष्मा लिहून दिलाय. घातला की रॉली मला आजोबा म्हणेल. २६ ऑगस्टनंतर बघू. नंबर मोठे असतात, वाचता येतात.)

पाच रिसीव्हर कुणीही सांगेल. ते राहणारच, रॉलीलाही मान्य आहे. वाद सहाव्याचा. रॉलीचा सहावा हँक विटेकर. वय तेहतीस, गुडघ्याला पट्टा, धावताना शेजारच्या कुलूपवाल्यासारखा दिसतो. मला अजून कुणी आवडला नव्हता.

साडेदहाला आवडला. एकोणीस नंबर. चेंडू हवेत होता, खाली चार जण. हा पठ्ठ्या कुठून आला कळलं नाही, सगळ्यांच्या डोक्यावरून हात घालून चेंडू घेऊन गेला. तुकड्यावर बघितलं: एकोणीस, जॅव्हॉन टिबॉडो, नवा, लुइझियानाच्या कुठल्याशा लहान कॉलेजातून. मी घरी येईपर्यंत गाडीत गात होतो.

दुपारी ब्रॅटवर्स्ट एक. प्रोटीन म्हणून.

२८ जुलै, सोमवार
एकोणीसने आज तीन झेलले. दर वेळी क्वार्टरबॅकने स्वतःच्या हेल्मेटवर थापट मारली आणि आकाशाकडे बघितलं. इतका भावनाप्रधान क्वार्टरबॅक मी पाहिला नव्हता.

एक गोष्ट खटकली. सरावात हल्ला करणारे पांढऱ्या जर्सीत असतात, बचाव करणारे हिरव्या. रिसीव्हर म्हणजे पांढऱ्यात. माझा एकोणीस हिरव्यात होता.

घरी येताना कोडं सुटलं. कोच त्याला लपवतोय. कुंपणाबाहेर इतर संघांचे हेर असतातच. हिऱ्याला कोळशाच्या पोत्यात ठेवलंय. हे रॉलीच्या दुर्बिणीला सात जन्मांत दिसणार नाही.

३० जुलै, बुधवार
आज तो झेल घेऊन उलट्या दिशेने धावला. आपल्याच लोकांच्या अंगावर. नवीन चाल असणार. शत्रू सरळ धावण्याची वाट बघत बसेल.

लोरेट्टाला जेवताना चमचा आणि मिठाची बाटली वापरून दाखवलं. ती म्हणाली, वेंडल, अरे पण तो हिरव्यातला ना? मी नुसता हसलो. बायकोला सगळंच सांगायचं नसतं, तिचा भाऊ रॉली आहे.

१ ऑगस्ट, शुक्रवार
क्लबात दर शुक्रवारचं माशांचं जेवण. चर्चा पेटली. रॉली म्हणाला, विटेकरला चेंडू कुठे पडणार हे चेंडूच्या आधी कळतं, आणि वय झालेला माणूस मैदानावर वाट चुकत नाही. मी म्हणालो, वाट चुकत नाही कारण तो वाटेवर निघतच नाही. टेबल हसलं. मग मी टिबॉडोच्या हातांवर बोललो. वीसेक मिनिटं. मनगटं, बोटं, बोटांमधली अंतरं.

रॉलीने वही उघडली. म्हणाला, दाजी, तुमच्या टिबॉडोने आठवडाभरात आठ चेंडू हातातून टाकले. एक त्याच्या हेल्मेटवर आपटून माझ्या खुर्चीपर्यंत आला. माझ्याकडे आहे. सही घ्यायला गेलो तर तोही टाकेल म्हणून दिला नाही.

मी विचारलं, पांढऱ्यात की हिरव्यात? रॉली म्हणाला, पांढऱ्यात, आणखी कशात? मी फक्त भुवई उचलली. सहा बोटांनी बिअर ओतणारी डॉटी (एक बोट जादाच आहे, तिला त्याचा अभिमान आहे) म्हणाली, वेंडलची भुवई वर गेली म्हणजे कुणाचं तरी वाटोळं होणार, बहुतेक वेंडलचंच. सगळे फार हसले. गावात अभ्यासू माणसाबद्दल असूया असते.

आता चित्र स्पष्ट. टिबॉडो पांढऱ्यात मुद्दाम टाकतो, हिरव्यात मनापासून झेलतो.

५ ऑगस्ट, मंगळवार
आज कमाल. दहा वाजून पाच मिनिटांनी मैदानाच्या उत्तर टोकाला एकोणीस पांढऱ्यात, चेंडू हातातून निसटला. दहा वाजून सहा मिनिटांनी दक्षिण टोकाला एकोणीस हिरव्यात, हवेत आडवा, एका हाताने झेल. एका मिनिटात शंभर यार्ड आणि कपडे बदलून. असा वेग मी उभ्या आयुष्यात पाहिला नाही. टाळ्या वाजवून हात लाल झाले.

कुंपणाशी रॉली वहीत काहीतरी लिहीत होता. लिही बाबा.

९ ऑगस्ट, शनिवार
सरावाचा पहिला सामना, परक्या मैदानावर. सासरेबुवांकडे टीव्ही. सासरेबुवांना मध्ये बोललेलं चालत नाही, म्हणून मी फक्त टिबॉडो आला की बोलायचं ठरवलं. टिबॉडो शेवटच्या भागात आला. दोन टाकले. रॉली खोकला. मी समजावलं: चांगला खेळला तर दुसरा संघ त्याला पळवणार नाही का? हा लपंडाव आहे. रॉलीला खोकल्याची उबळ आली, त्याला पाणी द्यावं लागलं.

मी चीज आणायला स्वयंपाकघरात गेलो आणि बाहेर एकदम गलका. टीव्हीवाला ओरडत होता, एकोणीस, एकोणीस. मी बशी टाकून धावलो तोवर जाहिरात लागली होती. लोरेट्टा म्हणाली, वेंडल, ऐक, हा एकोणीस म्हणजे. मी म्हणालो, मला माहीत आहे कोण. ती म्हणाली, ऐकून तर घे. मी तिला उचलून गोल फिरवली. पाठीत उसण भरली, पण तिकिटं खिशात आली.

सासरेबुवा माझ्याकडे बराच वेळ बघत होते. जावयाची किंमत उशिरा कळते.

१२ ऑगस्ट, मंगळवार
पाठ. झोपून. झोपल्या झोपल्या दोन गाद्या मागवल्या, स्टेडियमच्या थंड बाकांसाठी, आतून लोकर. एकीवर 'वेंडल' भरतकाम, दुसरीवर 'लोरेट्टा'. तिला अजून सांगितलं नाही. सव्वीसला सांगेन. सत्तावीस वर्षं ती घरात रेडिओला कान लावून सामना ऐकते आणि दर वेळी म्हणते, ठीक आहे, उबेत आहोत. लहानपणी बाविसाव्या रांगेत ती बापाच्या मांडीवर बसायची. तिला तिथे परत बसवायचंय. हे रॉलीला कळायची गरज नाही.

रॉलीसाठी नारिंगी जाकीट मागवलं, पाठीवर बाण आणि 'गाड्या इकडे'. त्याच्या मापाचं, म्हणजे मध्यम. माणसाने जिंकतानाही विचार करावा.

१७ ऑगस्ट, रविवार
लिफाफे बंद. सासरेबुवांनी ते फ्रीझरमध्ये हरणाच्या मांसाखाली ठेवले, तिथे कुणी हात घालत नाही. लिफाफा देताना मी वाकून म्हणालो, सहावं नाव वाचताना बसलेले असा. ते म्हणाले, मी हल्ली बसलेलाच असतो. मग त्यांनी विचारलं, वेंडल, एकदा जवळून बघून येतोस का? अजून वेळ आहे. मी म्हणालो, काही माणसं लांबूनच कळतात.

ब्रॅटवर्स्ट तीन. संकल्प लिफाफा भरेपर्यंतचाच होता, असं आता आठवतं.

२६ ऑगस्ट, मंगळवार, दुपारी तीन
यादी चारला येणार. गाद्या आल्या आहेत. जाकीट इस्त्री केलं. नाष्ट्याला काही गेलं नाही, आनंदाने.

२६ ऑगस्ट, संध्याकाळ
यादी आली. पाच नावं दोघांचीही बरोबर. सहावा विटेकर. टिबॉडो घरी.

मी म्हणालो, संघाचं डोकं फिरलंय, नऊ झेल मी स्वतः मोजलेत. सासरेबुवांनी विचारलं, कुठल्या रंगात? मी म्हणालो, हिरव्या. लोरेट्टाने उठून फ्रीझरचं उघडं राहिलेलं दार लावलं.

मग सासरेबुवा हळू आवाजात म्हणाले, पोरा, शिबिरात नव्वद माणसं, आणि जुन्या खेळाडूंच्या मानात बंद केलेले नंबर वगळले की उरलेले अपुरे. दोघा-दोघांत एक नंबर वाटून देतात, एक हल्ल्यातला, एक बचावातला. हिरवा एकोणीस बचाववाला आहे, लेमार ओडम म्हणून. तू त्याचे नऊ झेल मोजलेस, ते म्हणजे त्याने आपल्याच क्वार्टरबॅकचे मधेच चोरलेले चेंडू. क्वार्टरबॅक म्हणूनच डोकं बडवत होता.

रॉलीने वही उघडली नाही. हे जास्त लागलं. नुसतं म्हणाला, दाजी, माणूस चांगला निवडलात, बाजू तेवढी चुकली.

नोंद: उन्हाचा कोन. तसंच मेपलची सावली. तसंच त्या यादीचे कागद फार मोठे छापतात, माणूस फाडणारच.

३० ऑगस्ट, शनिवार
चष्मा आला. मेपलला पानं आहेत.

लोरेट्टाला गाद्या सापडल्या. आपल्या नावावरून तिने बराच वेळ बोट फिरवलं. मी म्हणालो, परत पाठवतो. ती म्हणाली, हात तर लावून बघ. संध्याकाळी रॉलीचा फोन. दुसरं तिकीट ताईचं, म्हणाला, बापाच्या शेजारी तीच बसायची. मी थँक्यू म्हणालो. त्याने विचारलं, काय? मी म्हणालो, काही नाही.

७ सप्टेंबर, रविवार, दुपारी
पहिला घरचा सामना. सासरेबुवांची हिरवळ, अठरा गाड्या. जाकीट मध्यम मापाचं आहे, पुढून बंद होत नाही, पाठीवरचा बाण माझ्या काखेत जातो. दोन गाड्या शेजारणीच्या अंगणात गेल्या.

लोरेट्टा आणि रॉली गेले. लोरेट्टा 'लोरेट्टा'वर बसेल. रॉली 'वेंडल'वर बसणार आहे, त्याने निघताना तसं आवर्जून सांगितलं.

दीड वाजता स्टेडियममधून असा गलका उठला की खिडक्या थरथरल्या. लोरेट्टाचा मेसेज आला: एकोणीसने चेंडू चोरला, पळवत थेट शेवटपर्यंत नेला, सगळे उभे आहेत, बाबा इथे असते तर गुडघे विसरले असते. मी झेंडा उंच धरून हिरवळीवर एकटाच ओरडलो. पोर्चमधून सासरेबुवांनीही काठी उचलली.

गावात ओडमला पहिल्यांदा ओळखणारा माणूस मी. रॉलीच्या वहीत त्याचं नावसुद्धा नव्हतं.

घरच्या सामन्याला आपले सगळेच हिरव्या जर्सीत असतात. आज माझी काही चूक झाली नसती.