अर्धा गुण

हुडकेश्वर, नागपूर

दादा,

हे पत्र तुले पाठवणार नाही, म्हणून खरं लिहून राहिलो.

काल धंतोलीत एक ग्रँडमास्टर एकाच वेळी तीस जणांसोबत खेळले. अशा दोन ग्रँडमास्टरांकडून मी आधी हरलो होतो. काल त्यांनी माझ्या पटापाशी थांबून हात पुढे केला. मले वाटलं, बरोबरी देऊन राहिले. मी कागदावर अर्धा गुण लिहिला. त्यांनी माझाच पेन घेऊन तो खोडला, एक लिहिला. म्हणाले, "जिंकलात तुम्ही!"

घरी मात्र मी बरोबरीच सांगितली. तू एका ग्रँडमास्टरसोबत केलेली बरोबरी आई तीस वर्षांपासून पाहुण्यांले सांगते. काल म्हणाली, "दोन्ही पोट्टे सारखेच निघाले गा माझे!"

तो कागद सोंगट्यांच्या डब्यात आहे. तू आला की डबा मीच उघडीन.

तुझा धाकटा,
सुधाकर