कुत्र्याच्या उंचीचा कूलर

प्रिय अण्णा,

आज अक्षयतृतीया. तुमच्या नावाची पहिली घागर भरली. वर आंबा ठेवला, शेजारी आमरसाची वाटी ठेवली, आणि हात जोडता जोडता आई म्हणाली, "सुमे, त्यायला निकाल कळवून टाक. वाट पाहून राहिले असतील." म्हणून हे पत्र.

कसला निकाल, हे तुम्हाला सांगायला नको. हस्की की मालाम्यूट! बर्फाच्या मुलखातली, गाड्या ओढणारी, लांडग्याच्या तोंडवळ्याची ही दोन कुत्री. सख्खे भाऊ वाटावेत इतकी सारखी. त्यांच्यावरून आपण बापलेकींनी शिरड शहापूरसारख्या गावात, भर उन्हाळ्यात, किती भांडावं! तुम्ही थंडीत गेलात आणि भांडण अर्धवट राहिलं.

सुरुवात तुम्हीच केली होती, आठवतं? मी नवऱ्याचं घर सोडून परत आले होते. कुणाशी बोलावंसं वाटत नव्हतं. दिवसभर भिंतीकडे तोंड करून मोबाइलवर कुत्र्यांचे व्हिडिओ बघत पडायचे. तुम्ही सिद्धेश्वरला धरणाच्या कॉलनीत एका साहेबांचा कूलर दुरुस्त करायला गेला होतात. संध्याकाळी आलात ते चपला न काढताच माझ्या खोलीत.

"सुमे, आज एक जनावर पाह्यलं बग. कूलरच्या टाकीत बसून होतं! पाण्यात!"

मी मोबाइलवरचा एक व्हिडिओ तुमच्यापुढे धरला.

"व्हय, हेच. मालाम्यूट."

"हे हस्की आहे, अण्णा."

"न्हाई. साहेब मालाम्यूट म्हणाले."

"डोळे कसे होते?"

"एक निळा, एक तपकिरी."

"मग हस्कीच. मालाम्यूटचे डोळे कधी निळे नसतात."

"आन् शेपूट पाठीवर वळलेलं होतं, ते? साहेबाला सोताचं कुत्रं कळंना व्हय?"

आपण किती वेळ भांडलो कोण जाणे. आई पिठाचे हात घेऊन दारात येऊन उभी राहिली होती. मी घरी आल्यापासून एवढं पहिल्यांदाच बोलले होते. ते तेव्हा माझ्या ध्यानातही आलं नाही.

मग रोजचंच झालं. "एखादं आणायचंच" असं तुम्ही म्हणायचात आणि "कोणतं?" वर गाडी अडायची. मी म्हणायचे, हस्की चपळ असतो, देखणा असतो, बोलल्यासारखा ऊ-ऊ करून उत्तरं देतो. तुम्ही म्हणायचात, "उत्तरं द्यायला घरात तू हाईस की. आन् हस्की भिंतीवरून उड्या मारून पळतो म्हणं. मालाम्यूट कसा, थोराड, शांत. वजन ओढणारा गडी." तुमच्या कूलरच्या दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकांनासुद्धा तुम्ही सोडलं नाहीत. हट्ट्याचा एक माणूस मोटर बदलायला आला होता, त्याला तुम्ही दोन फोटो दाखवून विचारलंत, "ह्यातलं कोणतं घ्यावं?" तो बिचारा म्हणाला, "ह्याच्यातलं दुसरं कोणतं हाय?" आणि आईचं एकच पालुपद, "दोघायचेही केस माझ्याच पोळीत येणार!"

मग एक दिवस तुम्ही तो कूलर करायला घेतलात. बिनस्टँडचा, बुटका, जमिनीलगत वारा सोडणारा. "कुत्र्याच्या उंचीचा," म्हणालात. आईचा पारा चढला. आणि का चढू नये? अख्ख्या शिरडला गार वारा देणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या घरात तो जुना खडखड्या कूलर, ज्याची मोटर चापट मारल्याशिवाय फिरायची नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच! "माणसायला न्हाई आन् न आलेल्या कुत्र्याला नवाकोरा!" आई म्हणाली. तुम्ही हसलात, पत्रा ठोकत राहिलात. उन्हाळा संपल्यावर पोत्याखाली झाकून तो दुकानात ठेवलात, आणि पुढचा उन्हाळा काही तुम्ही बघितला नाहीत.

अण्णा, तुम्ही गेल्यावर आई बोलायची थांबली. रडलीसुद्धा नाही. जेव म्हटलं की जेवायची, झोप म्हटलं की आडवी व्हायची. "व्हय" आणि "न्हाई" एवढंच. मी सकाळी शाळेत शिकवायला जायचे तेव्हा ती ओट्यावर बसलेली असायची, दुपारी यायचे तेव्हाही तिथंच. मला भीती वाटायला लागली होती. तुम्ही गेलात, आता हीही अशी बसल्या बसल्या निघून जाईल की काय? म्हटलं, घरात काहीतरी जिवंत आणू, जे तिला गप्प बसू देणार नाही. नांदेडला एकाकडे दोन्ही जातींची पिल्लं होती. तो म्हणाला, "ताई, कोणतं ते लवकर सांगा." आणि मला सांगता येईना. हस्की म्हणावं तर तुम्ही नाहीत म्हणून मी जिंकल्यासारखं झालं असतं. मालाम्यूट म्हणावं तर तुम्ही आयुष्यभर, म्हणजे माझ्या आयुष्यभर, मला चिडवलं असतं.

तेवढ्यात खडखड्याची मोटर जळाली. ऊन तर असं की नळाचं पाणी हाताला चटके देत होतं. मी तुमचा बुटका कूलर घरी न्यायचं ठरवलं. दुकानात जाऊन पोतं काढलं आणि शेजारच्या पत्र्याच्या दुकानातून सलीमचाचांना हात लावायला बोलावलं. म्हटलं, "चाचा, कुत्र्यासाठी केलेला, पण आता आम्हीच वापरतो."

चाचा हसले. "कुत्ते का कौन बोला? ये तो भाबी का है, बेटा. पत्रा मैंच काटा. भाबी के घुटने दुखते, नीचे सोती, ऊपर का हवा उसको लगताच नहीं, बोले. उसके वास्ते बोला तो लेगी नहीं, कुत्ते का नाम लगा देता, बोले."

मी तिथंच स्टुलावर बसले. "आणि कुत्रं?"

"कुत्ता कायका! उस दिन सिद्धेश्वर से आए तो बहुत बेचैन थे. बोले, सलीम, वो जानवर पानी में बैठ के भी हाँफ रा था. उसकी तकलीफ देखी नहीं जाती. बर्फ का जानवर इधर लाना मतलब गुनाह."

"मग माझ्याशी एवढं भांडत का होते?"

"वो तेरे अब्बा को पूछ."

विचारतेय अण्णा. का हो?

कूलर घरी आणला, वाळ्याच्या ताट्या भिजवल्या. आई म्हणाली, "मला काहून कुत्र्याचा कूलर?" मी तो तिच्या अंथरुणाशी लावून चालू केला. वारा बराबर तिच्या तोंडावर. ती डाव्या कुशीवर वळली आणि दुपारभर झोपली. इतक्या महिन्यांत अशी झोपलेली मी पाहिली नव्हती. उठल्यावर मी तिला सलीमचाचांचं सगळं सांगितलं.

ती कूलरपाशी सरकली. मग तिनं त्याच्या कडेवरून हात फिरवला. हाताला लागू नये म्हणून तुम्ही पत्र्याची कड आत वळवली होती ना, तिथं. "लबाड माणूस," म्हणाली, आणि रडली. अण्णा, किती रडली! मी तिला थांबवलं नाही. पण नंतर ती पुन्हा गप्प होईल या धास्तीनं माझ्या तोंडून निघून गेलं, "काही म्हण आई, ते कुत्रं हस्कीच होतं."

आईनं पदरानं नाक पुसलं. "काहीतरीच! शेपूट पाठीवर होतं म्हणून सांगितलं न्हाई का त्यायनं? मालाम्यूटच!"

"अगं पण निळा डोळा?"

"एकच निळा होता ना? मग अर्धं बी हस्की न्हाई ते!"

आपलं सगळं भांडण ती पोळ्या लाटता लाटता ऐकत होती तर! चहा होईपर्यंत आम्ही भांडलो. तुम्ही माझ्याशी का भांडत होतात, ते मला तेव्हा कळलं.

नांदेडच्या माणसाला मी फोन करून 'नको' म्हणून सांगितलं. तो म्हणाला, "ताई, एवढा विचार केलात, निदान आवडलं कोणतं ते तरी सांगा." मी "हस्की" म्हणाले आणि मागून आई ओरडली, "मालाम्यूट!"

तर निकाल असा, की घरात कुत्रं येणार नाही. तुमच्याच मनासारखं झालं. पण मला एका शब्दानं सांगितलं असतंत तर बिघडलं असतं का? मीही तुम्हाला काहीतरी म्हटलं असतं. निदान थँक्यू तरी!

वचन देते अण्णा. रोज संध्याकाळी बुटक्याची टाकी मी भरीन. होळी झाली की ताट्या बदलीन. आणि आई आहे तोवर, ते कुत्रं मालाम्यूट होतं हे मी काही झालं तरी कबूल करणार नाही.

तुमचीच भांडखोर,
सुमी