रजबअली पाटकऱ्याचा वाडगा

मी, फतहुल्ला मेहरीजी, वय सत्त्याहत्तर, निवृत्त न्यायाधीश आणि चार महिने अकरा दिवसांचा माजी न्यायमंत्री, यज्द येथील राहत्या घरी कोणाच्याही दडपणाखेरीज हे लिहून ठेवतो. दडपण म्हणावे तर एकच : सूनबाई मेहरअंगीज हिने डॉक्टरांच्या आज्ञेवरून माझे साखरेचे खडे लपवले आहेत. बिनसाखरेच्या चहावर माणसाकडून अंतिम इच्छा लिहवून घेणे हा घोर प्रमाद येथे नोंदवतो. खडे तांदळाच्या पिंपात आहेत. माझी बुद्धी शाबूत असल्याचा याहून सबळ पुरावा नाही.

कलम १. घर आणि डाळिंबाची बाग मुलगा फरामर्ज व मुलगी तुराँदुख्त यांना शरीयतप्रमाणे मिळेल. त्यात माझे मत कोणी विचारलेले नाही.

कलम २. कायद्याची पुस्तके येथील न्यायालयास. मंत्रिपदाचे पदक नातवंडांनी खेळायला घ्यावे. त्याचा दुसरा उपयोग मला सापडला नाही. वकील सदरुद्दीन यांनी तेहरानात नेलेली माझी छत्री त्यांना बक्षीस. ते आता वाळवंटातल्या या यज्दला राहतात. पावसाची वाट बघत बसतील.

कलम ३. माझ्या टेबलावरचा, तळाला भोक असलेला तांब्याचा वाडगा, ज्यात मी आजवर लेखण्या ठेवल्या, तो माझा नाही. तो उस्ताद रजबअली पाटकरी याचा आहे. भुयारी पाटाचे पाणी तो या वाडग्याने वाटत असे. वाडगा पाण्यावर सोडायचा. भरून बुडाला की एकाची पाळी संपली. चव्वेचाळीस वर्षांमागे, इराणी सन १३०८ मध्ये, मोईनखान जमीनदाराने फिर्याद केली की, आपली पाळी लवकर संपावी म्हणून याने भोक वाढवले.

न्यायासनावरून मी विचारले, "भोक तू मोठं केलंस का?"

"आपण म्हणता म्हणजे तसंच असेल, साहेब. माझी काय बिशाद!"

"अरे, हो की नाही?"

"आपला शब्द माझ्या डोळ्यांवर."

मी लिहिले : आरोपीस गुन्हा कबूल. शिक्षा दोन वर्षे.

आमच्याकडे फळवालाही पैसे घेण्याआधी तीनदा "राहू द्या, दुकान आपलंच" म्हणतो. म्हणून कोणी टरबूज फुकट उचलून नेत नाही. हे मला पाळण्यापासून ठाऊक होते. पण मी परदेशातून नवा कायदा शिकून आलो होतो, आणि निकाल मला जेवणापूर्वी हवा होता. मुद्देमालातला वाडगा सुबक दिसला, म्हणून बदलीबरोबर तेहरानला नेला.

पुढच्या नवरोजला मुलांची करमणूक म्हणून तो घरच्या हौदात सोडला. बुडायला अकरा मिनिटे लागावीत असा गावचा नेम. अकराच लागली. पुन्हा सोडला. अकरा. न्यायालयाच्या अंगणातही हौद होता.

रजबअलीची दीड वर्षाची शिक्षा बाकी होती. एक पत्र पुरले असते. तेव्हा माझी बढती व्हायची होती. सुटून आल्यावर त्याच्या हाती कोणी फावडेही दिले नाही. मी मंत्री होईतो तो वारला होता. मृताला घाई नसते, अशी मी माझी समजूत घातली.

गेल्या महिन्यात त्याच्या मुलीकडे, गोहरताजकडे गेलो. "या साहेब, पायधूळ झाडलीत," म्हणत तिने चहा दिला, साखरेसकट. कायद्याने मनासारखा देता येणारा मालमत्तेचा तिसरा हिस्सा मी तिला देऊ केला. ती तीनदा नको म्हणाली. रीत जाणून मी पुन्हा विचारले.

"साहेब, हा चौथा नकार. हा मात्र लिहून घ्या."

"मग काय हवं, बाई?"

"निकाल चौकात मोठ्यानं वाचायला लावला होतात. आता खरं काय तेही तिथंच वाचा."

"वाचतो," म्हणालो, आणि घरी येऊन हे मृत्युपत्र लिहायला घेतले.

कलम ४. माझ्या सातव्या दिवशी फरामर्जने कलम तीन चौकात, एकही अक्षर न गाळता वाचावे आणि वाडगा गोहरताजच्या हाती द्यावा. तिसरा हिस्सा भुयारी पाटाच्या सफाईस लावावा.

साक्षीदार : नसरुल्ला अत्तार, मसाल्याचे व्यापारी (सही)
मिर्झा यहया, निवृत्त शिक्षक (सही)
लिहिणार : फतहुल्ला मेहरीजी (सही)
यज्द, १२ मेहर १३५२

साक्षीदार गेल्यावर लिहिले : फरामर्ज यंदा न्यायाधीश झाला आहे. कलम तीन मी त्याला वाचून दाखवले. मान खाली घालून तो म्हणाला, "आपण म्हणाल तसं, बाबा." तो वाचेल की नाही, मला कळलेले नाही. पुन्हा विचारायचा धीर होत नाही.