वेलीवरचं गोणपाट

तुंजा, रविवार

प्रिय बाबा, तुमच्या यानेथचा नमस्कार.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. तुमचा खोकला कमी झाला का?

एक कबूल करायचंय. तुम्ही दिलेल्या कुरुबाच्या वेलीला फळं धरली असं मी लिहिलं होतं, ते खोटं होतं. कृष्णकमळासारखी ती गुलाबी फुलं लोंबायची आणि तशीच गळून जायची. वेल हिवाने मरेल या भीतीने मी रात्री तिच्यावर घातलेलं गोणपाट सकाळी दहा वाजेपर्यंत काढतच नव्हते.

शेजारच्या हर्मेलिंडा मावशी हसल्या. "अगं वेडे, पराग आणणारं पाखरू पहाटे येतं. तू तर पाहुण्याच्या तोंडावर दार लावून बसलीस!"

दुसऱ्या दिवशी उजाडताच गोणपाट काढलं आणि धुक्यात उभी राहिले. अंगाहून लांब चोचीचं हिरवं पाखरू आलं, फुलाखाली हवेतच थांबलं. चोच आत शिरली, कपाळाला पराग लागले.

आता बोटाएवढं एक फळ धरलंय. यावेळी खरंच.

इतकी वर्षं घरीच शिकवून मला एकटीला तुंजाच्या बसमध्ये बसवताना तुम्हाला काय वाटलं असेल, ते रोज पहाटे गोणपाट उचलताना कळतं.

आईला गोड पापा.

तुमचीच,
यानेथ