हुक लावण्याचं स्किल

३ फेब्रुवारी, शिरूर
पॅरालिसिसच्या झटक्यानंतर आई माझ्याकडे आली, त्याला महिना होत आला. उजवा हात अजून ऐकत नाही. फिजिओच्या मॅडम म्हणाल्या, "आजी, ब्लाउजचे हुक लावणं हे स्किल आहे. परत शिकायचं."
"स्किल म्हणं! ते कारखान्यातल्या पोरांना असतंय."
आपलं आपण करता आलं तर आई परत दौंडला, स्वतःच्या घरी. नाहीतर नाही. दादाचं ठरलेलंच, "आईला आता एकटं ठेवायचं नाही."

६ फेब्रुवारी
पहिल्याच हुकाशी झटत बसली. चहा निवला. मला उशीर होत होता, शेवटी मीच लावून टाकले.
"लाव बाई. तुझं स्किल चांगलं हाय."
माझं लिखाण: आजही नाही.

९ फेब्रुवारी
'स्किल'ला मराठी शब्द शोधतेय. कौशल्य म्हटलं की सरकारी जाहिरात. कसब कारागिराचं. हातोटी त्यातल्या त्यात जवळची, पण केस विंचरायला हातोटी? घास गिळायला? शिक्रापूरला कंपन्यांच्या गेटवर 'स्किल्ड, अनस्किल्ड' माणसं हवीत म्हणून पाट्या. मॅडम तोच शब्द आईच्या कंगव्यालाही लावतात. एवढं साधं कसं जमत नाही, असं त्या कधी म्हणत नाहीत.
मी म्हणते. मनात, पण म्हणते.

१५ फेब्रुवारी, दौंड
आईला तिच्या चर्चला नेलं, मग तिच्या घरी. मला ओट्यापाशी फिरकू दिलं नाही. लायटर डाव्या हातात, उजवा नुसता पातेल्याला टेकवलेला. चहा झाला. फार गोड.
शेजारच्या मार्थामावशी दारातूनच, "कवा येतीस गं कायमची?"
"आता येतेच की!" किती दिवसांनी हसली.
कप ठेवायला आत गेले, तर शेगडी चालूच. वर काही नाही, नुसता निळा जाळ. बंद केली. बोलले नाही.

१७ फेब्रुवारी, शिरूर
आज दोन हुक तिचे तिनं लावले. वाकडे, पण लावले. मॅडम खूश. "आणि घरी चहा जमला का, आजी?"
"छान जमला," मीच घाईनं.
आई म्हणाली, "चहा जमला. गॅस बंद करायचा ऱ्हायला. हिनं केला आन् बोलली न्हाई. मी बघितलं."
मॅडम म्हणाल्या, "लक्षात ठेवणं हेही स्किलच असतं, आजी."
"मग तेबी शिकवा."
आई त्यांच्याकडे बघत राहिली, मी खाली.
दादाचा फोन येऊन गेलाय. अजून उलट लावलेला नाही.