खिडकीतला मुळा

६ जून

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद. फोनवर बाबा शेजारीच असतात, म्हणून हे पत्र. साथीच्या तापातून ते उठले, पण वास आणि चव गेली ती गेलीच. जन्मभर बेकरीच्या भट्टीपुढे उभे राहिले, नुसत्या वासावर पाव झाला की नाही सांगायचे. आता म्हणतात, काहीही वाढ, ओला पुठ्ठा चावल्यासारखं लागतं. दोन घास खाऊन ताट सरकवतात. अंगावरचा सदरा दुसऱ्याचा वाटायला लागलाय. डॉक्टर म्हणतात, चव येईल तेव्हा येईल, पोटात अन्न जायला हवं.

इकडे अख्खी इमारत मात्र खाण्याच्या मागे लागली आहे. एरवी ढुंकून न बघणारे लोक जिन्यात लांब उभे राहून विचारतात, की कडधान्यं भिजवता का, साली टाकता का ठेवता. वरच्या शिंपीणबाईंनी तर गॅलरीत पालक लावलाय! तू हॉटेलातला स्वयंपाकी. हॉटेल बंद पडलं म्हणून डोकं बंद ठेवू नकोस. बाबांना काय देऊ, सांग. आणि स्वतः जेवतोस ना?

तुझी,
ताई

१४ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.
खरं सांगू? एकट्यासाठी गॅस पेटवायचाही कंटाळा येत होता. तुझं पत्र आलं आणि पहिल्यांदाच काहीतरी करून बघावंसं वाटलं. नाक चिमटीत धरलं आणि घरात होतं नव्हतं ते चाखलं. घरमालकीण खिडकीतून बघत होती. तिला वाटलं असणार, गेला हा कामातून. गाजर काय, काकडी काय, सगळे एकाच माळेचे मणी! पण मोहरी चावली आणि डोळ्यांत पाणी आलं. म्हणजे झणका नाकावर अवलंबून नाही. कुरकुरीत, गार, गरम हेही कळतं.

तेव्हा ते आजाऱ्याचं मऊमऊ बंद कर. भाजीचे देठ फेकू नकोस, तव्यावर कुरकुरीत कर. आणि मुळ्याचं बी पेर; बोटभर कोंब आले की कापून दे. जमेल की नाही, देव जाणे. पण काय होतं ते कळव, मला चैन पडणार नाही.

तुझा,
धाकटा

२ जुलै

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद. शिंपीणबाईंनी बी दिलं, बाबांच्या जुन्या पावाच्या साच्यात पेरलं. आधी ते बघेनात. मग मी पाणी जास्त घातलं म्हणून ओरडले, की कणीक असो नाहीतर माती, पाणी हाताला विचारून घालावं. कोंब उजेडाकडे झुकले, तर त्यांनी साचा फिरवून ठेवला आणि पुन्हा वळतात का बघत बसले.

काल स्वतःच चिमूटभर खुडून तोंडात टाकले. चेहरा लाल झाला. मी पाणी आणायला धावले. तर बाबा म्हणतात, अगं, चावलं मला! त्यावर पाव मागितला, देठ मागितले, ताट पुसून खाल्लं. मी मोरीत जाऊन डोळे पुसले. वास अजून नाहीच, पण आज विचारत होते, मेथीपण अशीच चावते का. तुला म्हणून विचारते.

तुझी,
ताई

२५ जुलै

चि. बल्लवाचार्यांस,
उत्तम आशीर्वाद. मेथी कडू असते, चावत नाही. मीच पेरून, खाऊन पाहिलं. आता शिंपीणबाई मला विचारायला येतात आणि तुझी ताई कुरकुरते की माझ्या साच्यांमुळे घरात पाय ठेवायला जागा उरली नाही.

आजची बातमी मात्र मीच लिहिणार, असं तिला बजावलंय. दुपारी पेपर वाचत होतो. एकदम काहीतरी खुपलं नाकात. कसलं ते कळेना. मग कळलं, आणि मी ओरडलो, की कडधान्य करपलं! ती खालून भाजी घेऊन येत होती, तिला जिन्यात ऐकू गेलं. धावत आली. पातेलं काळं ठिक्कर. मी म्हटलं, गॅस बंद केलाय, पण थांब, पातेल्यात पाणी ओतू नकोस. दोघं वाकून करपलेला वास घेत उभे राहिलो, आणि ती इतकी हसली, इतकी रडली की भाजीची पिशवी तशीच हातात राहिली.

तुझे,
बाबा